लिहिलेले संगीत वाजविताना : प्रोकोफिएफचा दुसरा पियानो-कंचर्टो



आजच्या विषयाचे नाव बाहेरच्या फळ्यावर वाचून आपल्यापैकी काहीजण बुचकळ्यात पडले असतील. रशियातला एक संगीतकार, त्याची पियानोसाठी लिहिलेली एक अवघड रचना, आणि ती वाजविण्याची तयारी. हा विषय आपल्या गावात कुठून आला? चालकांनी मला पत्र पाठवून विचारले होते, "व्याख्यानासाठी काही सामग्री लागेल का?" मी कळविले, "पियानो मिळाल्यास बरे." आज इथे आलो तेव्हा त्यांनी मोठ्या प्रेमाने मला विंगेत नेले आणि तिथली पेटी दाखविली. पेटी उत्तम आहे. परंतु आजच्या रचनेला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या लागतात आणि त्या सगळ्या वाजविताना दोन हातही अपुरे पडतात. तेव्हा वादन नाही. जे सांगायचे ते तोंडानेच सांगणार आहे. त्याचा एक फायदा असा की माझ्या हातून एकही चूक होणार नाही!

मी व्यवसायाने पियानो शिकविणारा माणूस आहे. मुंबईत माझे शिक्षण झाले. माझ्या बाई मूळच्या गोव्याच्या. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे, त्या परंपरेतल्या त्या. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली मी सर्गेई प्रोकोफिएफ याचा दुसरा पियानो-कंचर्टो बसविला. त्याला दीड वर्ष लागले. त्या दीड वर्षात मला जे कळले, आणि मी जी एक मोठी चूक केली, ती आज आपल्यापुढे मांडावी असा माझा विचार आहे.

प्रथम कंचर्टो म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. एका बाजूला एकटा वादक आणि दुसऱ्या बाजूला साठसत्तर माणसांचा वाद्यवृंद, अशा दोघांनी मिळून सादर करावयाची ही दीर्घ रचना असते. त्यांत कधी संवाद होतो, कधी साथ, कधी सरळसरळ झुंज. आपल्याकडे सवाल-जबाब आपण ऐकतो; पण तो तिथल्या तिथे सुचलेला असतो. गवई चार ओळींची बंदिश घेतो, आणि तासाभराचे गाणे त्या बैठकीत, त्या श्रोत्यांपुढे त्याच्या मनातून उमलत जाते. कंचर्टोत असे नाही. तिथे प्रत्येक सूर लिहिलेला आहे. तो किती वेळ धरायचा, किती हळू की मोठ्याने वाजवायचा, कुठे लय ओढून धरायची, हेही लिहिलेले आहे. वादकाने त्यांत एक सूर वाढवायचा नाही की गाळायचा नाही.

हे ऐकले की आपल्याकडचा जाणकार श्रोता हमखास एक प्रश्न विचारतो, आणि तो प्रश्न योग्यच आहे. तो विचारतो, "सगळेच लिहून ठेवले असेल, तर मग वाजविणाऱ्याला उरले काय? तो कलावंत की लेखनिक?"

माझे आजचे सगळे बोलणे हे या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

यासाठी रचनेची हकीकत थोडी समजून घेऊ. प्रोकोफिएफचा जन्म १८९१ साली सोन्त्सोफ्का नावाच्या खेड्यात झाला. ते गाव आज युक्रेनमध्ये आहे. तेराव्या वर्षी, म्हणजे १९०४ साली, त्याला सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात प्रवेश मिळाला. मुलगा विलक्षण हुशार होता आणि तितकाच उद्धट. शिक्षक चिडत, आणि त्यांच्या चिडण्याचा याला आनंद होई. दुसरा कंचर्टो त्याने लिहायला घेतला तो १९१२ च्या हिवाळ्यात, विद्यार्थी असतानाच. त्याचा पहिला प्रयोग ५ सप्टेंबर १९१३ रोजी पाव्लोफ्स्क येथे झाला. पियानोवर स्वतः प्रोकोफिएफ होता, वय बावीस.

हे पाव्लोफ्स्क मोठे गमतीचे ठिकाण. रशियातली पहिली सार्वजनिक आगगाडी १८३७ साली सुरू झाली, ती पीटर्सबर्गहून इथवर येत असे. लोकांनी गाडीत बसावे म्हणून शेवटच्या स्टेशनात संगीताचे दालन बांधले होते. व्हिएन्नाचा योहान श्ट्राऊस १८५६ पासून कैक उन्हाळे इथे आपली नृत्यगीते वाजवीत असे. लंडनच्या व्हॉक्सहॉल या करमणुकीच्या बागेवरून त्या दालनाला नाव पडले, आणि त्या नावावरून रशियन भाषेत रेल्वे स्टेशनलाच 'वोक्झाल' म्हणू लागले. म्हणजे श्रोते कसे, तर गाडीने हवा खायला आलेले, सुखवस्तू. त्यांच्यापुढे हा पोरसवदा माणूस पियानोवर बसला आणि त्याने अर्धा तास असे काही वाजविले की लोक उठून जाऊ लागले. शिट्ट्या झाल्या, हुर्यो झाली. प्रोकोफिएफने उठून वाकून नमस्कार केला आणि पुन्हा बसून आणखी एक तुकडा वाजविला! त्या गोंधळात एक टीकाकार, व्याचेस्लाफ कारातीगिन, मात्र शांत होता. आज हुर्यो करणारे लोकच दहाएक वर्षांनी एकमुखाने टाळ्या वाजवतील, अशा आशयाचे त्याने लिहून ठेवले.

पुढे १९१७ ची क्रांती झाली. १९१८ साली प्रोकोफिएफ देश सोडून अमेरिकेला गेला. हस्तलिखित पेत्रोग्राडच्या घरी राहिले, आणि त्या धामधुमीच्या काळात ते जळाले. १९२३ साली बव्हेरियातल्या एत्ताल या लहानशा गावी राहत असताना त्याने उरलेल्या टाचणांवरून आणि स्मरणावरून ही रचना पुन्हा लिहिली. धुना त्याच ठेवल्या. पण पियानोचा भाग सुधारला, वाद्यवृंदाचा सुधारला, घडण बदलली. तोवर त्याचा तिसरा कंचर्टो १९२१ साली शिकागोत वाजूनही गेला होता. म्हणून दुसऱ्याचे हे नवे रूप जवळजवळ चौथा कंचर्टोच मानता येईल, असे तो म्हणे. ८ मे १९२४ रोजी पॅरिसमध्ये सर्गेई कुसेवित्स्की याच्या संचालनाखाली हे नवे रूप प्रथम वाजले. आज जगभर वाजते ते हेच. बावीस वर्षांच्या तरुणाने लिहिलेले बत्तिसाव्या वर्षी त्यानेच आठवून लिहिले, असा हा प्रकार आहे.

आता माझ्या तयारीकडे वळतो.

पहिल्या दिवशी मी स्वरलिपीचे पुस्तक घेऊन बाईंच्या घरी गेलो आणि सरळ पियानोवर बसू लागलो. बाई म्हणाल्या, "इथे नको. तिकडे खिडकीशी बस आणि वाच." पंधरा दिवस त्यांनी मला पियानोला हात लावू दिला नाही. रोज दोन तास मी नुसता वाचीत असे. पियानोची ओळ नव्हे, वाद्यवृंदाची. "तुझे काम तुला हजार वेळा करायचेच आहे," त्या म्हणत, "इतरांचे काम आधी पाहून घे." सोळाव्या दिवशी त्यांनी विचारले, "पियानो सुरू होण्यापूर्वी काय वाजते?" मला सांगता आले नाही. पंधरा दिवस वाचूनसुद्धा मी ते दोन क्षण ओलांडून माझ्या जागेकडे धावत होतो.

ते दोन क्षण असे आहेत. तंतुवाद्ये गज न वापरता, तारा बोटांनी छेडून, एक लहानसा स्वरसमूह वाजवितात, सोबत क्लॅरिनेट. आवाज अगदी बारीक. रात्री शेजारच्या खोलीत कोणी दबक्या पावलांनी चालावे तसा. मग पियानो येतो. डावा हात खालपासून वर आणि वरून खाली लाटेसारखा फिरत राहतो, आणि उजवा हात एक लांब, उदास धून म्हणू लागतो. त्या धुनेवर रचनाकाराने एक इटालियन शब्द लिहिला आहे : 'नार्रांते'. त्याचा अर्थ, कथन करीत, गोष्ट सांगितल्यासारखे.

हा एक शब्द मी पाहिला होता, पण वाचला नव्हता. प्रोकोफिएफ म्हटला की पोलादी, यंत्रासारखा, आदळआपट करणारा, असा त्याचा लौकिक. आणि मला माझ्या बोटांच्या ताकदीचा अभिमान. मी ती धून खणखणीत वाजवीत असे. बाईंनी एकदा मध्येच थांबवून विचारले, "कोणाला सांगतोस?"

मी म्हटले, "म्हणजे?"

"अरे, गोष्ट सांगतोस ना? मग समोर कोणी आहे की नाही? गोष्ट सांगणारा ओरडतो का? आणि गोष्ट सांगताना तो श्वास कुठे घेतो?"

त्या दिवसापासून महिनाभर मी ती धून वाजविली नाही, गायलो. माझा गळा वाईट आहे, शेजाऱ्यांनी तक्रार केली. परंतु गाताना जिथे दम संपे तिथे वाक्य संपते हे कळू लागले. पेनाने त्या जागा खुणा करून ठेवल्या, आणि मग बोटांना त्या जागी श्वास घ्यायला शिकविले. मंडळी, पियानो हे मोठे लबाड वाद्य आहे. पट्टी दाबली की सूर निघतो आणि निघाल्या क्षणापासून मरू लागतो. गळ्यासारखी किंवा सारंगीसारखी त्याला आस नाही. मेलेल्या सुरांच्या रांगेतून सलग गाणे ऐकू येते असा भास वादकाने निर्माण करावा लागतो. आणि तो निर्माण होतो एका सुराचा जोर पुढच्याशी जुळवून, मोजून, ऐकून. पट्टी खाली जाते जेमतेम एक सेंटिमीटर, तिला दाबायला पन्नासएक ग्रॅम वजन पुरते. सगळी कला त्या एका सेंटिमीटरच्या आत आहे.

स्वतः प्रोकोफिएफने आपल्या आत्मचरित्रपर लेखनात आपल्या संगीतातल्या निरनिराळ्या प्रवाहांची मोजदाद केली आहे : जुन्या अभिजात वळणाचा, नवतेचा, यंत्रगतीचा आणि भावगेयतेचा. हा शेवटचा प्रवाह लोकांच्या फार उशिरा लक्षात आला, अशी त्याची खंत होती. ज्याला सगळे पोलाद म्हणत होते, तो माणूस आपल्या रचनेच्या पहिल्याच धुनेवर 'गोष्ट सांगा' असे लिहितो. वादकाला उरले काय, या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग हा आहे : लिहिलेले सगळे वाचणे. ऐकायला सोपे वाटते. मला त्याला महिने लागले.

आता रचनेच्या गाभ्याकडे येऊ. कंचर्टोत एक जागा अशी असते की वाद्यवृंद थांबतो आणि वादक एकटा वाजवू लागतो. तिला कॅडेन्झा म्हणतात. जुन्या काळी इथे वादकाला मोकळीक असे. आपल्या गवयासारखा तो आयत्या वेळी मनाचे वाजवी. पुढे रचनाकारांना ते पसंत पडेना. बेथोव्हेनने १८०९ सालच्या आपल्या पाचव्या पियानो-कंचर्टोत, इथे स्वतःची कॅडेन्झा वाजवू नये, अशी स्पष्ट सूचनाच लिहून टाकली. प्रोकोफिएफ आणखी पुढे गेला. त्याच्या पहिल्या भागाची लांबी अकराबारा मिनिटे, आणि त्यांतली सुमारे पाच मिनिटे कॅडेन्झा. जवळजवळ निम्मा भाग एकटा पियानो! आणि यातला प्रत्येक सूर लिहिलेला.

सुरुवात पुन्हा त्याच धुनेने होते, एकट्याने, शांतपणे. मग डोंगर चढावा तसे ती चढत जाते. पियानोची स्वरलिपी एरवी दोन ओळींत लिहितात, उजव्या हाताची एक आणि डाव्याची एक. इथे एका टप्प्यावर दोन ओळी पुरेनात म्हणून तिसरी काढावी लागली आहे. हात दोनच, तेव्हा ते एका जागेवरून दुसऱ्या जागी अक्षरशः उड्या मारीत राहतात. शिखराशी शब्द लिहिला आहे 'कोलोस्साले', म्हणजे प्रचंड, राक्षसी.

याचा रियाज कसा करायचा? बाईंनी मला कॅडेन्झा शेवटापासून शिकविली. आधी शेवटची ओळ, मग तिच्या आधीची, असे मागे मागे. कारण सुरुवातीपासून शिकणाऱ्याला सुरुवात उत्तम येते आणि शेवट कच्चा राहतो. थकवा मात्र शेवटीच येतो. उलट शिकले की पुढे पुढे जाताना आपण अधिकाधिक ओळखीच्या मुलखात शिरत असतो. उड्यांचा सराव न वाजवता केला. हात नुसता नेमक्या पट्टीवर नेऊन ठेवायचा, दाबायचा नाही. डोळे मिटून. पुन्हा डोळे उघडून. शंभर वेळा. मग बोटांची ताकद वापरू नकोस, खांद्यापासूनचे वजन सोड, असे शिक्षण. पहिल्या तीन महिन्यांत माझे उजवे मनगट इतके सुजले की दोन आठवडे लेखणी धरता येईना; तेव्हा कुठे कळले की मी जोर चुकीच्या जागी लावतो आहे.

शेवटी एक दिवस कॅडेन्झा सबंध वाजली. मी घामाघूम, आणि मनात फुगलेला. बाई दुसऱ्या पियानोवर बसल्या होत्या. मुंबईत आम्हा विद्यार्थ्यांना वाद्यवृंद कुठला मिळायला? दुसऱ्या पियानोवर कोणीतरी वाद्यवृंदाचा भाग वाजवायचा, अशी रीत. त्या म्हणाल्या, "छान. पण आता मी काय वाजवू? तू मला जागाच ठेवली नाहीस."

तेव्हा मी पुढचे पान नीट पाहिले. एकट्या पियानोची पाच मिनिटांची ही चढण जिथे संपते, तिथे शिखर पियानोचे नाहीच. तिथे सबंध वाद्यवृंद एकदम कोसळून येतो. आणि पितळी वाद्ये जे गर्जतात ते कोणते सूर? अगदी आरंभी, पियानो सुरू होण्यापूर्वी, बोटांनी छेडलेला तो चिमुकला स्वरसमूह! ज्याच्याकडे मी पंधरा दिवस वाचूनही पाहिले नव्हते तोच. दबक्या पावलांनी आलेला माणूस दार फोडून आत आला आहे. मग लौकरच सगळे ओसरते, आणि भाग शांतपणे संपतो.

श्रोतेहो, हे ध्यानात आल्यावर मला सगळी कॅडेन्झा पुन्हा शिकावी लागली. एकही सूर बदलला नाही, आणि सगळे बदलले. आधी मी आपली ताकद दाखविण्यासाठी वाजवीत होतो. आता मला कुठे पोचायचे आहे ते ठाऊक होते. पहिल्या दोन मिनिटांत आवाज राखून ठेवावा लागला. 'कोलोस्साले' या शब्दापाशीसुद्धा थोडे शिल्लक ठेवावे लागले, कारण त्याच्यापेक्षा मोठे काहीतरी यायचे होते. आणि आरंभीचा तो दबका स्वरसमूह श्रोत्यांच्या कानांत नकळत राहिला पाहिजे. म्हणून माझी पहिली धून त्याला झाकून टाकील इतकी सुंदरही वाजता कामा नये. ही झाली उत्तराची दुसरी बाजू. लिहिणाऱ्याने सूर लिहिले; पण हा सूर कशासाठी आहे, तो कोणत्या सुराची वाट पाहतो आहे, हे लिहिता येत नाही. ते वादकाने शोधायचे.

आता माझी चूक सांगतो.

हा कंचर्टो मॅक्सिमिलिआन श्मिट्होफ याच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे. श्मिट्होफ हा प्रोकोफिएफचा विद्यालयातला जिवलग मित्र. १९१३ च्या वसंतात त्याने आत्महत्या केली, आणि जाण्यापूर्वी प्रोकोफिएफला निरोपाचे पत्र पाठविले. हे मी एका पुस्तकात वाचले आणि मला वाटले, सापडली किल्ली! ती उदास धून म्हणजे मित्राचे पत्र. कॅडेन्झा म्हणजे मित्राला हाका. आणि पितळी वाद्ये म्हणजे मृत्यू. सगळे चपखल बसले. मी त्या भावनेने वाजवू लागलो. धून ओढू लागलो, उसासे टाकू लागलो. पुढे एका लहानशा सभागृहात दोन पियानोंवर आमचा कार्यक्रम झाला, तेव्हा वाजविण्यापूर्वी मी ही हकीकत श्रोत्यांना रंगवून सांगितली. काही डोळे पाणावले. वादन संपल्यावर टाळ्याही भरपूर पडल्या.

कार्यक्रमानंतर एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत माझ्याकडे आले. म्हणाले, "फार बरे वाजविलेत. एक विचारू? हे संगीत त्यांनी मित्र गेल्यावर लिहिले की आधी?"

मला ठाऊक नव्हते. मी गडबडीने म्हटले, "गेल्यावरच असणार." ते हसले, "असणार," म्हणाले आणि गेले.

घरी येऊन मी तारखा पाहिल्या. लेखन सुरू झाले १९१२ च्या हिवाळ्यात. १९१३ च्या वसंतात मित्र गेला तेव्हा रचनेचा मोठा भाग लिहून झालेला होता. मी ज्याला विलाप म्हणून विकले, ते लिहिताना तो मित्र जिवंत होता. कदाचित थट्टामस्करी करीत शेजारी बसलेला होता. आणखी एक गोष्ट दिसली. प्रोकोफिएफने आपला दुसरा पियानो-सोनाटाही याच मित्राच्या स्मृतीला वाहिला आहे. तो १९१२ चा, आणि त्यात चेष्टा आणि खोडकरपणा ठासून भरला आहे. म्हणजे अर्पणपत्रिका वाचून संगीताचा भाव ठरविता येत नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. चूक तारखेची होती म्हणून नव्हे. एका खऱ्या तरुणाचे खरे मरण मी माझ्या कार्यक्रमाची आरास म्हणून वापरले होते, याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी बाईंकडे जाऊन सर्व सांगितले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग आता दुःख गेले का त्या धुनेतून?"

मी धून वाजवून पाहिली. दुःख होते. ते त्या सुरांतच होते. त्या घरंगळत्या चालीत, डाव्या हाताच्या न थांबणाऱ्या लाटेत. मी वरून ओतलेले उसासे तेवढे गेले होते, आणि त्यामुळे ते अधिक स्पष्ट ऐकू येत होते. मग अर्पणपत्रिकेचे काय? माझी आजची समजूत अशी आहे. मित्र गेला तेव्हा प्रोकोफिएफपाशी जे सर्वांत मोठे, सर्वांत धाडसाचे काम तयार होत होते, ते त्याने मित्राच्या नावावर ठेवले. मरणातून संगीत निघाले नाही. संगीत होते, ते मरणापुढे ठेवले गेले. मला तरी हे माझ्या त्या रंगविलेल्या गोष्टीपेक्षा अधिक हृदयाला भिडते.

उरलेल्या भागांविषयी थोडक्यात सांगतो. कंचर्टोत बहुधा मधला भाग संथ, विश्रांतीचा असतो. इथे संथ भागच नाही. एवढी कॅडेन्झा वाजवून वादक दमलेला असतो, आणि लगेच दुसरा भाग, स्केर्त्सो, सुरू होतो. या शब्दाचा अर्थ थट्टा. आणि थट्टा वादकाचीच! दोन्ही हात एक सप्तक अंतर ठेवून तेच सूर वाजवीत सुटतात; सुमारे १५०० द्रुत सूर, एकही विसावा नाही. अडीच मिनिटांचा हिशेब केला तर सेकंदाला दहा. इथे ताकद लावली की दहाव्या सेकंदाला हात आखडतो. हे हलकेच वाजवावे लागते, आणि आधीच्या भागात ताकद राखली असेल तरच ते जमते. म्हणजे कॅडेन्झात 'थोडे शिल्लक ठेव' हा धडा नुसत्या सौंदर्याचा नव्हता, निभावण्याचाही होता. तिसरा भाग जड पावलांनी, वाकुल्या दाखवीत चालतो. चौथा वादळासारखा सुटतो. पण त्या वादळाच्या पोटात अंगाईसारखी एक साधी रशियन वळणाची धून येते. चारही भाग मिळून अर्ध्या तासाहून थोडे अधिक. पहिल्या भागात 'गोष्ट सांगणे' ज्याला साधले नाही, त्याची ही अंगाई कधीच वाजत नाही. वादळ मात्र कोणालाही वाजविता येते.

आता आपल्या त्या जाणकार श्रोत्याच्या प्रश्नाकडे परत येतो. सगळे लिहिलेले असताना वाजविणाऱ्याला उरले काय? माझे उत्तर असे. त्याला जबाबदारी उरली. आपला गवई बैठकीत जे गातो त्याला तोच जबाबदार असतो; ते त्याचेच असते. इथे दुसऱ्याचे बोलणे आपल्या तोंडाने बोलायचे आहे. तो दुसरा १९५३ साली वारला. हस्तलिखित तर त्याच्या हयातीतच जळाले होते, आणि त्याने ते पुन्हा आठवून लिहिले. मी ते वाजवितो तेव्हा मीही ते आठवूनच वाजवितो. आठवताना दोन चुका होतात. एक, वाचलेलेच नसते. दुसरी, नसलेले घातले जाते. पहिली चूक मी पंधरा दिवस केली आणि दुसरी एका भरल्या सभागृहात. या दोहोंच्या मधून जी अरुंद वाट जाते, तिच्यावर वादक जे काही करतो त्यालाच आम्ही अर्थ लावणे म्हणतो. ती वाट प्रत्येक वादकाची थोडी वेगळी असते, आणि म्हणून एकच लिहिलेली रचना दोघांच्या हातून कधी सारखी वाजत नाही.

आपल्यापैकी ज्यांना इच्छा असेल त्यांना हा कंचर्टो आज घरबसल्या ऐकता येतो. त्याची कितीतरी चांगली ध्वनिमुद्रणे आहेत. ऐकाल तर माझी एक विनंती आहे. पियानो सुरू होण्यापूर्वीचे ते दोन क्षण चुकवू नका. मग दहाएक मिनिटांनी पितळी वाद्ये गर्जतील तेव्हा तो पाहुणा तुम्ही ओळखाल. आणि मला पंधरा दिवसांत जे दिसले नाही ते तुम्हांला एका बैठकीत दिसेल.

 ते काठी टेकीत आलेले गृहस्थ पुन्हा मला कधी भेटले नाहीत. त्यांना तेव्हा उत्तर देता आले नव्हते. ते आज आपल्यापुढे दिले.